एक जादा डब्ल्यू

माझी नजर एका दिवसात गेली नाही. शाळेत असताना आधी दिवेलागणीला दिसेनासं झालं, मग फळ्याच्या कडा गेल्या, आणि बारावीला बसले तेव्हा पेपर दुसऱ्या मुलीनं लिहिला, मी फक्त सांगितला. पण बोटं शाबूत होती. बोटांनी ब्रेल शिकले, बोटांनीच टायपिंग शिकले, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोल्हापुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टायपिस्ट म्हणून लागले.

काम सरळ होतं. डॉक्टर सूक्ष्मदर्शकात बघता बघता कॅसेटवर इंग्रजीतून बोलून ठेवायचे, मी ते ऐकून टाइप करायची. पहिली काही वर्षं टाइपरायटर होता. मग कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवणारा एक प्रोग्रॅमही. माझं लिहिलेलं मलाच ऐकू यायला लागलं. आधी दिवसातून दहा वेळा कुणालातरी "जरा वाचून दाखवा" म्हणावं लागायचं, ते थांबलं. मी तो आवाज इतका वेगात लावून ठेवायची की बाजूला उभ्या असलेल्या माणसाला ती भाषा आहे हेसुद्धा कळायचं नाही.

नवं शतक लागलं आणि सकाळी उठल्यावर माझी मूठ वळेना. आधी वाटलं, थंडीनं असेल. मग सांधे सुजले, बोटं वाकडी व्हायला लागली. डॉक्टरांनी आपल्याच लॅबमध्ये माझं रक्त तपासलं. आमवात निघाला. तो रिपोर्ट मीच टाइप केला. एक पान टाइप करायला मला त्या दिवशी पाऊण तास लागला होता.

डॉक्टरांचा भाऊ अमेरिकेत होता. तो सुट्टीवर येताना एक सीडी आणि कानावर चढवायचा माइक घेऊन आला. आपण बोलायचं आणि कॉम्प्युटरनं लिहायचं. डॉक्टर म्हणाले, "बघा जमतंय का. नाही जमलं तर दुसरं काही काम बघू." दुसरं काही काम म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या सॉफ्टवेअरला आधी आपला आवाज शिकवायचा असतो. पडद्यावर उतारे येतात, ते मोठ्यानं वाचायचे. मला ते दिसणार कसे? आमच्या काउंटरवर एक बाई होती, शिवाजी पेठेतली, माझ्याच वयाची. लांबून हाक मारली तरी रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघेल असा तिचा आवाज. ती माझ्या कानाशी बसून एकेक वाक्य सांगायची आणि मी ते माइकमध्ये बोलायची. तिला हळू बोलता येत नव्हतं आणि तिचं इंग्रजी दहावीला थांबलेलं. ती जे म्हणायची तेच मी म्हणायची, आणि अमेरिकेतल्या लोकांनी बनवलेलं ते यंत्र आम्हा दोघींचं इंग्रजी मिळून शिकत होतं.

पहिल्या दिवशी फजिती झाली. मी हेडफोन लावला नव्हता, आवाज स्पीकरवर होता. मी एक वाक्य बोलले, यंत्रानं लिहिलं, वाचणाऱ्या प्रोग्रॅमनं ते मोठ्यानं वाचलं. ते वाचलेलं माइकनं ऐकलं आणि पुन्हा लिहिलं. लिहिलेलं पुन्हा वाचलं गेलं. मी "स्टॉप, स्टॉप" म्हणत होते, तर तेही लिहिलं जात होतं. काउंटरवरची धावत आली आणि तिनं भिंतीवरचं बटणच बंद केलं. "दोघंबी एकामेकाचंच ऐकालेत की गं! तुझं कोण ऐकणार?"

त्यानंतर मी माझी पद्धत बसवली. डाव्या कानात डॉक्टरांची कॅसेट, उजव्या कानात वाचणारा आवाज, तोंडापुढं माइक. डॉक्टर बोलतात ते ऐकायचं, तेच स्वच्छ बोलायचं, यंत्रानं काय लिहिलं ते ऐकायचं. तीन आवाज आणि मधे मी. संध्याकाळी डोकं भणभणायचं. पण सहा महिन्यांत माझा जुना वेग परत आला आणि त्या वेगाचा मला अभिमान वाटायला लागला. झालेल्या रिपोर्टची छापील प्रत डॉक्टरांसमोर जायची, ते सही करायचे. सुरुवातीला प्रत्येक ओळ वाचून करायचे. पुढं पुढं माझ्यावर विश्वास बसला.

कुरुंदवाडहून ती बाई आली तेव्हा हे सगळं सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. छातीत गाठ होती. सुईनं त्यातलं पाणी काढून तपासायचं होतं. बरोबर धाकटा भाऊ. तो तिला अक्का म्हणत होता, ती त्याला तम्मा म्हणत होती. तिकडं सीमेच्या बाजूला घरात अर्धं कानडी असतं. सुई टोचून झाल्यावर ती माझ्या खोलीच्या दारातल्या बाकावर येऊन बसली. मी चहा मागवला, तर म्हणाली, "ताई, तुमी अर्धा घ्या, मी अर्धा घेते. माझं हात थरथरालेत, सांडंल सगळा." माझेही कप धरताना थरथरतात, हे मी तिला सांगितलं. दोघींनी बशीतून चहा घेतला. रिपोर्ट उद्या दुपारपर्यंत मिळेल, असं काउंटरवरून त्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर घाईत होते. पन्हाळ्यावर कसलासा कार्यक्रम होता, तिथं त्यांना बोलायचं होतं. मी सकाळचे सात रिपोर्ट एका दमात केले. त्यांनी उभ्या उभ्या सह्या केल्या आणि गाडी निघून गेल्याचं मला ऐकू आलं. कुरुंदवाडच्या बाईंचा रिपोर्ट त्यातच होता. साडेअकराला तिचा भाऊ पाकीट घेऊन गेला.

बारा वाजून गेले असतील. मी दुसऱ्या एका पेशंटचा रिपोर्ट बोलत होते. शेवटची ओळ नेहमीचीच, गाठी तपासलेल्या रिपोर्टात आमच्या डॉक्टरांची हीच ओळ निष्कर्षाची असायची. 'नो मॅलिग्नंट सेल्स सीन.' कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत. मी बोलले, यंत्रानं लिहिलं, कानात आवाजानं वाचलं. त्याच क्षणी बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला आणि मला शेवटचे दोन शब्द ऐकू आले नाहीत. म्हणून मी बाणाचं बटण पेन्सिलीच्या टोकानं दाबत ती ओळ सुरुवातीपासून एकेक अक्षर ऐकली.

एन. ओ. डब्ल्यू.

मी पुन्हा मागं गेले. एन. ओ. डब्ल्यू. 'नो' नव्हतं, 'नाऊ' होतं. 'आता कर्करोगाच्या पेशी दिसल्या.'

मी वेग कमी करून ती ओळ ऐकली. सावकाश ऐकलं तर नाऊ अगदी स्पष्ट होतं. माझ्या नेहमीच्या वेगात मात्र नो आणि नाऊ एकाच ठोक्यात निघून जात होते, आणि मला जे ऐकायचं होतं तेच मी ऐकत होते.

मग मी सकाळच्या फायली उघडायला लागले. पहिल्या सहात ती ओळच नव्हती. रक्ताचे, लघवीचे रिपोर्ट होते. सातवी फाइल कुरुंदवाडच्या बाईंची. शेवटच्या ओळीवर गेले. बटण दाबताना पेन्सिल दोनदा निसटली.

एन. ओ. डब्ल्यू.

कॅसेट उलटी फिरवून डॉक्टरांचा आवाज पुन्हा ऐकला. ते स्वच्छ 'नो' म्हणत होते. तीनदा ऐकलं. त्यांची चूक नव्हती.

मी भिंत धरत काउंटरवर गेले. "ते कुरुंदवाडचे कुठं आहेत?"

"ते पावणं? गेलं की कवाच. एसटीला जातो म्हणालं."

"रिपोर्ट चुकलाय."

  तिनं लगेच डॉक्टरांच्या मोबाइलवर फोन लावला. पन्हाळ्यावर रेंज नव्हती. फॉर्मवर नंबर होता तो कुरुंदवाडातल्या एका किराणा दुकानाचा, शेजाऱ्यांचा. तिथं फोन करून काय सांगणार, आणि कुणाला? उद्या ते हा कागद घेऊन मिरजेला सर्जनकडं जाणार होते, हे बाईनं मला चहा पिताना सांगितलं होतं.

"चल," मी म्हणाले.

"काउंटर?"

"राहू दे काउंटर."

तिनं शटर ओढलं. रिक्षात बसल्यावर तिनं विचारलं, "तू वळखशील का त्यास्नी?"

"मी? मला दिसतंय होय? तू बघितलंस ना!"

"मी फकस्त हात बघते गं. पावती घ्यायला हात आत येतात तेवढं." थोडं थांबून म्हणाली, "पर नाव ठावं हाय न्हवं. वरडते की मी."

स्टँडवर उतरलो तेव्हा भोंग्यावर कसल्या कसल्या गाड्या पुकारत होते. इतका गोंगाट की मला डावं-उजवं कळेना. तिनं माझा दंड धरला आणि आम्ही जवळजवळ पळत फलाटावर गेलो. माझी चप्पल एकदा निघाली, ती तिनं पायानंच पुढं ढकलली. कुरुंदवाडची एक गाडी लागली होती, इंजिन चालू होतं. तिनं खिडक्यांच्या कडेनं चालत त्या बाईंच्या नावानं हाक मारायला सुरुवात केली. एकदा, दोनदा. काही नाही. शेवटच्या खिडकीशी तिसऱ्यांदा ओरडली, तेव्हा आतून आवाज आला, "ओ! हितं हाय की मी!"

आणि लगेच दुसरा, दबका, पुरुषाचा. "गप बस अक्का. बाहेर बघू नको."

मला तो आवाज ऐकूनच कळलं. त्यानं पाकीट उघडलं होतं.

तो खाली उतरला. माझ्या जवळ येऊन, अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाई, तिला काय सांगू नगासा. मी वाचलंय. मला बारावीपातूर इंग्रजी हाय. मॅलिग्नंट म्हंजी काय ते मला ठावं हाय. आमचा बा त्येनंच गेला."

"तुम्ही वाचलंत ते बरोबर वाचलंत," मी म्हणाले, "पण छापलंय चुकीचं. तिथं नो पाहिजे होतं. नाऊ छापलंय. डॉक्टरांनी नो म्हटलंय, मी आत्ता कॅसेट ऐकून आलेय."

तो म्हणाला, "कुणी छापलं?"

"मी. मी बोलते आणि कॉम्प्युटर लिहितो. त्यानं एक डब्ल्यू जादा लिहिला. मला तो ऐकू आला नाही."

"तुमी लिवलं?" त्याचा आवाज चढला. "तुमास्नी दिसत न्हाय, तर तुमास्नी ह्या कामाला बसवलं कुणी? माणसाच्या जिवाचं काम हाय का चेष्टा?"

काउंटरवरची मधे पडायला लागली, "ओ पावणं, जरा..." मी तिचा हात दाबला.  वर कंडक्टरनं घंटी मारली. ती बाई खिडकीतून विचारत होती, "तम्मा, काय झालं? पैसं कमी पडलं काय?"

"मगाशी हाय म्हणला हुतासा," तो म्हणाला, "आता न्हाय म्हणताय. मी कुठलं खरं धरू?"

"माझं धरू नका. डॉक्टर चारला येतात. ते गाठीतल्या पाण्याची काच पुन्हा बघतील. त्यांच्या तोंडून ऐका. तोवर हा कागद कुणाला दाखवू नका."

कंडक्टर ओरडला, "येणार काय ऱ्हाणार?" तो दारात चढला. मला वाटलं, गेला. पण आतून पिशवी ओढल्याचा आवाज आला आणि तो बहिणीला म्हणाला, "उतर अक्का. डॉक्टरची सही ऱ्हायलीया."

परत येताना एका रिक्षात आम्ही चौघं होतो. ती बाई माझ्या शेजारी. सही राहिली म्हणून एवढं पळत आलात, तुमच्यासारख्या माणसाला किती त्रास, असं ती म्हणत होती. मी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. गप्प बसले, आणि ते गप्प बसणं मला टाइपाच्या चुकीपेक्षा जड जात होतं.

दीड ते चार. ती बाकावर बसून मला घरचं सांगत होती. नदीकाठच्या मळ्यात वांगी लावली होती, मोठी मुलगी नववीत होती, म्हैस व्यायला झाली होती. मधेच विचारलं, "ताई, साधीच गाठ आसंल न्हवं?" तिचा भाऊ अंगणात येरझाऱ्या घालत होता, त्याच्या वहाणांचा करकर आवाज एकदाही थांबला नाही. मी म्हटलं, "डॉक्टर सांगतील." मला 'हो' म्हणता येत होतं. कॅसेट मी ऐकली होती. पण त्या दिवशी माझा माझ्या कानांवर विश्वास राहिला नव्हता. कॅसेटवरचा नोही मला हवा होता म्हणूनच ऐकू आला असेल तर? पुन्हा जाऊन ऐकावी, असं तीनदा मनात आलं आणि तिन्ही वेळा भीती वाटली.

डॉक्टर सव्वाचारला आले. मी त्यांच्या खोलीत गेले आणि उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कागद कुठं आहे?" भावानं तो पुढं केला. त्यांनी वाचला. मग खुर्ची ओढली, काचांचा डबा उघडला. सूक्ष्मदर्शकाची भिंगं फिरवताना एक बारीक खटका होतो, तो मी वर्षानुवर्षं ऐकत आलेले. एक खटका. बराच वेळ. दुसरा खटका. इतका वेळ त्यांनी एखादी काच बघितल्याचं मला आठवत नाही. ती बाईसुद्धा दारात येऊन उभी राहिली होती.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "कॅन्सर नाही. साधी गाठ आहे. काढून टाकली की संपलं."

 ती बाई म्हणाली, "क्यान्सर कुणाला?"

 तेव्हा मीच सांगितलं. माझ्या चुकीनं कागदावर काय छापलं होतं, तिच्या भावानं ते वाचलं होतं, आणि सही राहिलेली नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, रडेल, किंवा देवाचं नाव घेईल. ती चिडली.

"म्हंजी दुपारधरनं तुमी समदी माझ्या मरणाचं बोलालाय, आन मलाच सांगितलं न्हाय? मी हितं म्हशीचं सांगालेय, आन ह्या बाई नुसत्या ऐकालेत?" भावाकडं वळून म्हणाली, "आन तू रं? तू मला तसंच घरला न्हेणार हुतास?"

 डॉक्टरांनी नवा रिपोर्ट स्वतःच्या हातानं लिहिला. तिनं भावाला तो घेऊ दिला नाही. म्हणाली, "मराटीत लिवा. मला वाचता येतंय." डॉक्टरांनी खाली मराठीत लिहिलं, 'कर्करोग नाही', आणि तिनं ते मोठ्यानं, अक्षर जुळवत वाचलं. मग दोघं निघून गेली. जाताना ती माझ्याशी बोलली नाही.

ती गेल्यावर डॉक्टरांनी दार लावलं. बराच वेळ ते ओरडत होते. कुठल्याही सर्जनला ते वाक्य विचित्र वाटलं असतं, त्यानं फोन करून विचारलं असतं, असंही म्हणाले. "विचारलं असतं," मी म्हणाले, "पण घाईत असता तर?" ते एकदम थांबले. खुर्चीत बसल्याचा आवाज आला. मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, "मी न वाचता सही केली."

मी नोकरी सोडायच्या तयारीनं गेले होते. तरी उभ्या उभ्या जे डोक्यात आलं ते बोलून टाकलं. म्हटलं, "डॉक्टर, ते वाक्यच बदलू या. सगळा निर्णय एका दोन अक्षरी शब्दावर नको. यंत्राला 'नो' कळत नाही, मलाही पळत्या आवाजात कळत नाही. 'निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी' म्हणा. निगेटिव्हचं दुसरं काही होत नाही."

त्यांनी ते कॅसेटवर म्हणून बघितलं. मी तिथंच माइक लावून पाच वेळा बोलले. पाचही वेळा बरोबर उतरलं. त्या दिवसापासून आमच्या लॅबमधून नोनं सुरू होणारं वाक्य गेलं नाही. सही करण्याआधी डॉक्टर शेवटची ओळ मला मोठ्यानं वाचून दाखवायचे. कुरकुर करायचे, पण वाचायचे. मी माझा वेग निम्मा केला आणि प्रत्येक निष्कर्ष एकेक अक्षर ऐकायला लागले. दिवसाचे रिपोर्ट कमी झाले, लोकांना थांबावं लागायचं. काउंटरवरची त्यांना तिच्या पद्धतीनं समजावायची.

ती बाई पुन्हा आमच्याकडं आली नाही. गाठ काढली का, कुठं काढली, मला कळलं नाही. तिच्या शेजाऱ्यांच्या दुकानाचा नंबर फॉर्मवर होता. दोनदा फोन लावावा असं वाटलं. काय म्हणून लावणार?

त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळी खुर्चीत बसले. डाव्या कानात कॅसेट सुरू केली. डॉक्टरांचा आवाज आला, पेशंटचं नाव, वय. मी माइक तोंडासमोर आणला आणि पुन्हा बाजूला केला. कॅसेट मागं घेतली, पुन्हा लावली. काउंटरवरच्या बाईनं न विचारता माझ्यापुढं चहा आणून ठेवला आणि ती बाजूच्या स्टुलावर बसून राहिली. पहिलं वाक्य बोलायला मला अकरा वाजले.